शांत बसण्याचे आठ मंगळवार

विद्यापीठानं माइंडफुलनेसचं प्रशिक्षण सुरू करायचं ठरवलं तेव्हा जागा म्हणून आमच्या ग्रंथालयाचा वाचन-हॉल निवडला गेला, आणि हॉलची किल्ली माझ्याकडे असते म्हणून मीही निवडला गेलो. रजिस्ट्रार ऑफिसातून परिपत्रक आलं. विद्यार्थी आणि कर्मचारी एकत्र, दर मंगळवारी दुपारी तीन ते चार, आठ आठवडे. खाली पेननं एक ओळ जोडली होती: सहायक ग्रंथपाल व्यवस्था बघतील आणि स्वतःही बसतील.

व्यवस्था म्हणजे सतरंज्या, हजेरीचं रजिस्टर आणि पाण्याचा जार. ती मी केली. बसण्याचं मात्र मला जमणार नव्हतं, आणि का जमणार नव्हतं ते ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं.

आमचं विद्यापीठ इंदूरबाहेर, राऊच्या पुढे आहे, महू रोडला. मी राहतो बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत. आमच्या घराण्यातलं कोणीतरी कधीकाळी संस्थानाच्या दफ्तरात कागद सांभाळायला इंदूरला आलं, आणि तेव्हापासून घरात कोणी ना कोणी कुठलं ना कुठलं दफ्तर सांभाळतंच आलंय. मी पुस्तकं सांभाळतो. सोळा वर्षं झाली. घरी मी आणि बायको. मुलगी पुण्याला असते.

प्रशिक्षणाच्या दोन वर्षं आधी माझ्या कानात आवाज सुरू झाला. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफेची जी बारीक, सुईसारखी धार निघते, तसा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी संदर्भ विभागात होतो. मला वाटलं, वरच्या ट्यूबलाइटचा चोक वाजतोय. इलेक्ट्रिशियनला बोलावून चोक बदलून घेतला. आवाज गेला नाही. शेजारच्या ट्यूबचा बदलून घेतला. तिसऱ्या वेळेला तो शिडीवरूनच म्हणाला, "भिया, चोक तो एकदम सही है. मेरे को तो कुछ सुनाई नी दे रिया."

त्या रविवारी घरी न्हाणीघरात नळ बंद केला आणि तोच आवाज तिथेही होता. मी बराच वेळ ओल्या अंगानं तसाच उभा राहिलो.

डॉक्टरकडे गेलो ते चार महिन्यांनी. तुकोगंजला एक कानाचे डॉक्टर आहेत. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, आवाज ऐकू आला की दाबा म्हणाले. मी बरेचदा उगाचच दाबलं असणार, कारण मशीनचा आवाज कुठला आणि माझा कुठला हेच कळत नव्हतं. कागदावरचा आलेख उजवीकडे खाली उतरत गेला होता. ते म्हणाले, "ये आवाज कान में नहीं, दिमाग में बन रही है. इसकी गोली नहीं आती. बस सन्नाटे में मत बैठिए. पंखा, रेडियो, कुछ चलता रहे. धीरे-धीरे ध्यान हट जाएगा."

"कितने दिन में?"

"किसी का जल्दी हटता है, किसी का नहीं हटता." मग विचारलं, "काम क्या करते हैं आप?"

मी सांगितलं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या.

तेव्हापासून आमच्या घरी पंखा बारा महिने चालू असतो. जानेवारीत बायको स्वेटर घालून, कानटोपी चढवून, दोन रजया घेऊन झोपते. एकदाही म्हणाली नाही की बंद करा. ग्रंथालयातला मोठा कूलर, जो आवाजामुळे सगळ्यांच्या तक्रारीचा विषय होता, माझ्या कामी आला. मी त्याच्यासमोरचं टेबल घेतलं. लोकांना वाटलं, मला गरमी फार होते.

पहिल्या मंगळवारी प्रशिक्षक मॅडम आल्या. भोपाळच्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या, सुती साडीतल्या. बोलणं इतकं मऊ की पुढच्या रांगेतल्यांनाही वाकून ऐकावं लागे. तीसेक जण होते. मुलं जास्त, कारण त्यांना हजेरीचे गुण होते. आम्ही आठ-दहा कर्मचारी. एप्रिल तोंडावर आला होता, कूलर पूर्ण वेगानं चालला होता. मॅडमनी हॉलभर नजर फिरवली, हसून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सर, ये कूलर बंद कर सकते हैं? हमें पूरा मौन चाहिए."

हॉलमध्ये कुरबुर झाली. मागून कोणी म्हणालं, "मर जाएंगे मैडम." मी उठून स्विच बंद केला. कूलरची पाती हळूहळू थांबली आणि ती पूर्ण थांबण्याआधीच माझ्या कानात शिट्टी उभी राहिली.

मॅडमनी पितळी वाटीवर लाकडाचा दांडू आपटला. "इस ध्वनि को सुनिए. कहाँ खत्म होती है, देखिए." बाकीच्यांसाठी ती संपली असावी. माझ्या बाबतीत ती कानातल्या आवाजात जाऊन मिसळली आणि संपलीच नाही. मी डोळे मिटून बसलो. श्वासावर लक्ष ठेवा, म्हणाल्या. मी ठेवत होतो. श्वास कुठेतरी लांब, भिंतीपलीकडे चालल्यासारखा येत-जात होता, आणि अलीकडे फक्त ती वाफेची धार. सात मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. गरमीनं नाही.

दुसऱ्या मंगळवारी वाटी वाजून दोन मिनिटं झाली असतील, तोच मागच्या रांगेतली एक मुलगी उठून बाहेर गेली. मी दाराजवळ बसलो होतो. व्यवस्था माझ्याकडे, म्हणून उठलो. खरं सांगायचं तर मलाही बाहेर पडायचं निमित्त हवंच होतं.

व्हरांड्याच्या टोकाला पिण्याच्या पाण्याचं मशीन आहे, सतत घूं-घूं करणारं. ती मुलगी त्याच्या पत्र्याला उजवा कान लावून उभी होती. डोळे मिटलेले. पाणी पीत नव्हती, फोनवर बोलत नव्हती. नुसता कान टेकवून उभी. मला काही विचारावं लागलं नाही. त्या मशीनला मीही असाच कितीदा टेकलो होतो.

"कितने दिन से?" मी विचारलं.

ती दचकली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही मराठी न, काका? रजिस्टरवर आडनाव पाहिलं मी." आणि लगेच, जणू मराठीत सांगणं सोपं असावं तसं, "रंगपंचमीपासून. सीटी वाजते कानात. लगातार."

ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. इंदूरचीच. रंगपंचमीला चुलत भावंडांबरोबर राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेली होती. गर्दीत ढकलत ढकलत डीजेच्या ट्रकला चिकटली, आणि पंधरा-वीस मिनिटं तिथून हलताच आलं नाही. घरी आल्यावर कान सुन्न. सकाळी सुन्नपणा कमी झाला आणि ही शिट्टी मागे राहिली. त्या मंगळवारी ह्याला बारा दिवस झाले होते.

"घरी सांगितलंस?"

"नाही. बाबांनी जायला नको म्हटलं होतं. आणि कॉलेजमध्ये सांगितलं तर म्हणतील, नर्सला नीट ऐकू नाही येत. फायनल प्रॅक्टिकल आहे दोन महिन्यांनी." मग तिनं विचारलं, "तुम्हाला कसं समजलं?"

"मलाही होता," मी म्हणालो.

होता, असं म्हणालो. आहे, असं म्हणायचं होतं. तोंडातून 'होता' निघालं, आणि तिचा चेहरा एकदम असा उजळला की तो शब्द मला परत घेता आला नाही.

"मग गेला?"

"गेला."

"खरं? किती दिवसांत?"

"दोन-तीन महिने लागले."

"काय केलं तुम्ही, काका?"

आतून मॅडमचा मऊ आवाज येत होता. मी त्या दाराकडे हात केला. "हेच. शांत बसायचं. घाबरायचं नाही. जाईल."

ती रडली. सुटका झाल्यासारखी रडली. ओढणीनं तोंड पुसून आत गेली आणि ह्या वेळी मागच्या रांगेत न बसता माझ्यासमोर येऊन बसली.

त्या दिवशी मी तिला डॉक्टरकडे जा असं म्हटलं नाही. मी अनेकदा ती पाच मिनिटं आठवून बघितली आहेत. मला वाटलं होतं, डॉक्टर तिला तेच सांगतील जे मला सांगितलं, आणि बाविशीच्या पोरीनं ते इतक्यात ऐकू नये. मी तिच्यावर दया करत होतो, असं मला वाटत होतं. दुसरीही एक गोष्ट होती, ती मी नंतर स्वतःशी कबूल केली. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे बरा झालेला माणूस म्हणून बघितलं होतं.

तिसऱ्या मंगळवारपासून माझी पंचाईत झाली. आता मला उठून बाहेर जाता येईना. ती समोर बसायची आणि डोळे मिटण्याआधी एकदा माझ्याकडे बघायची. मी चेहरा सैल ठेवायचो, खांदे खाली, तळवे मांडीवर, मॅडमनी शिकवलं होतं तसं. आत शिट्टी चालू आणि बाहेर मी बरा झालेला. मॅडमनी एकदा सगळ्यांना सांगितलं, "सर को देखिए, कितने स्थिर हैं." मागची मुलं हसली. ती हसली नाही. ती खरंच बघत होती.

तास संपला की ती काउंटरवर यायची. इकडचं-तिकडचं बोलून मुद्द्यावर यायची.

"काका, वॉर्डमध्ये बीपी घेते न मी, स्टेथोस्कोप लावला की आधी माझीच सीटी ऐकू येते. ठोका केव्हा सुरू झाला, समजतच नाही."

"मग?"

"काल एका आजोबांचा अंदाजानं लिहिला." तिनं आवाज खाली आणला. "मग भीती वाटली. मैत्रिणीला म्हटलं, तू एकदा घे न. तिचा वेगळा आला. खूप वेगळा. ते खोडून तिचा लिहिला."

मी म्हणालो, "घाई नको करू. दोनदा घे." सोळा वर्षं काउंटरवर बसून माणूस असंच बोलायला शिकतो.

चौथ्या मंगळवारी तिनं एक पुस्तक मागितलं. नाक-कान-घशाच्या आजारांचं, नर्सिंगवाल्यांना लागतं ते. त्याची एकच प्रत आमच्याकडे धड होती. ते पुस्तक मला चांगलं माहीत होतं, कारण डॉक्टरकडे जाऊन आल्यावर ते मीच आठ दिवस घरी नेलं होतं. त्यात कानातल्या आवाजावर दीड पान आहे, आणि त्या दीड पानाच्या शेवटी डॉक्टरांनी मला सांगितलं तेच, फक्त जास्त कोरडं.

"ते गेलंय बाहेर," मी म्हणालो. "इश्यू झालंय."

"कधी येईल?"

"सांगता येत नाही."

ती गेल्यावर मी मागे जाऊन पुस्तक शेल्फवरून काढलं आणि माझ्या कपाटात, जुन्या नियतकालिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. नोकरीत मी कंटाळा केला आहे, उशिरा आलो आहे, एखाद्याला उगाच फेऱ्या मारायला लावल्या आहेत. पण वाचायला मागणाऱ्यापासून पुस्तक लपवलं नव्हतं. कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

पाचव्या मंगळवारी मी ठरवून गेलो होतो की तिला खरं सांगायचं. सकाळपासून वाक्यं जुळवत होतो. ती आली तीच धावत. "काका! काल संध्याकाळी दहा मिनिटं आवाज नव्हता! सच्ची! मी स्वयंपाकघरात होते, एकदम लक्षात आलं की नाहीये. मग लक्ष गेलं तर परत आला. पण दहा मिनिटं नव्हता."

असं होतं, हे मला माहीत होतं. एक्झॉस्ट फॅन चालू असेल, फोडणी तडतडत असेल, आवाज झाकला जातो. तिनं डब्यातून दोन बेसनाचे लाडू काढून माझ्यासमोर ठेवले. मी एक खाल्ला. सकाळपासून जुळवलेली वाक्यं तशीच राहिली.

त्याच दिवशी सगळे गेल्यावर मी मॅडमना थांबवलं. त्यांना मात्र खरं सांगितलं, माझ्यापुरतं. मुलीचं नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या, शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "तो फिर श्वास को छोड़िए. उस आवाज को ही ध्यान का विषय बनाइए. लड़िए मत, उसके पास बैठिए." त्यांनी तिथेच मला दहा मिनिटं बसवलं. हॉल रिकामा, कूलर बंद. मी आवाजाजवळ गेलो. आवाज मोठा झाला. आणखी जवळ गेलो, तो डोक्याच्या मध्यावर आला, मग दातांत, मग डोळ्यांमागे. मी डोळे उघडले तेव्हा खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो.

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग म्हणाल्या, "कुछ लोगों को इससे मदद मिलती है. आपको क्यों नहीं मिल रही, मुझे नहीं मालूम, सर." थांबून परत म्हणाल्या, "सच में नहीं मालूम."

मला त्यांचा राग आला नाही. उलट त्या बाईंनी मला जे सांगितलं ते मी त्या मुलीला सांगू शकलो नव्हतो, एवढंच मनात आलं.

सहाव्या मंगळवारी मुलगी आली नाही. वॉर्ड ड्यूटी असेल, म्हटलं. सातव्याही मंगळवारी नाही. मी रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे गैरहजेरी लावली आणि घरी गेलो, पण जेवताना अर्धं ताट तसंच ठेवलं. बायकोनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, गरमी.

आठवा मंगळवार शेवटचा. सर्टिफिकेट वाटायची होती, म्हणून रजिस्ट्रारही येणार होते. पावणेतीनला मी काउंटरवर सर्टिफिकेटं नावांप्रमाणे लावत होतो आणि ती समोर येऊन उभी राहिली. हातात डॉक्टरकडची प्लास्टिकची फाइल. तसलीच फाइल माझ्या घरी कपाटात आहे.

"काका, ते पुस्तक आलं का?"

मी सर्टिफिकेटांचा गठ्ठा सरळ करत राहिलो.

"ऑनलाइन कॅटलॉगमध्ये मी रोज बघत होते," ती म्हणाली. "रोज 'उपलब्ध' दाखवत होतं. मला वाटलं, कॉम्प्युटरची गलती असेल. मग मैत्रिणीच्या नावावर मागितलं. तुमच्या शिपायानं शेल्फवर शोधलं, नाही मिळालं. तो म्हणाला, इश्यू तर झालंच नाही कोणाला." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मग मी विचार केला की काका असं का सांगतील. आणि मग मी डॉक्टरकडे गेले."

"काय म्हणाले?"

तिनं फाइल उघडली नाही. "म्हणाले, पहिल्या दोन आठवड्यांत यायचं होतं. तेव्हा काही औषध देऊन बघतात. कदाचित फरक पडला असता, कदाचित नसता. आता काही नाही." मग तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "बाराव्या दिवशी मी तुमच्याजवळ उभी होते, काका."

बाहेर मुलं येऊ लागली होती. सतरंज्यांवर बसण्याचा, चपला काढण्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "मला हे माहीत नव्हतं. माझं हळूहळू झालं होतं, मला लवकर-उशिराचं कोणी काही सांगितलंच नाही." हे खरं होतं, आणि बोलल्याबरोबर मला कळलं की त्याचा काही उपयोग नाही.

"तुमचा तर गेला न पण?" तिनं विचारलं. विचारताना तिला उत्तर माहीत होतं, आणि तरी तिच्या डोळ्यांत कुठेतरी अजून थोडं काही शिल्लक होतं. ते मला दिसलं.

"नाही," मी म्हणालो. "आहे. आत्ताही आहे."

ती काउंटरचा काठ धरून उभी राहिली. मला वाटलं ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मग तुम्ही तिथे बसायचे ते..." आणि वाक्य तिथेच सोडलं. फाइल छातीशी धरून दाराबाहेर गेली. तिचं सर्टिफिकेट तयारच झालं नव्हतं, दोन गैरहजेऱ्यांमुळे. त्या मी लावल्या होत्या.

तीन वाजता कूलर बंद केला आणि बसलो. मॅडम म्हणाल्या, आज आपण सर्वांसाठी मैत्रीची भावना धरू, आधी स्वतःसाठी, मग जवळच्या माणसासाठी, मग ज्याला आपण दुखावलं त्याच्यासाठी. मला काही धरता आलं नाही. समोरची सतरंजी रिकामी होती. तासाच्या शेवटी रजिस्ट्रारनी टाळ्या वाजवल्या, माझ्या हातात सर्टिफिकेट दिलं, फोटो झाला. तो फोटो विद्यापीठाच्या वेबसाइटवर बरेच दिवस होता. मी त्यात हसतोय.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. पाण्याच्या मशीनपासून कपाटापर्यंत. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

"तुम्हाला कोणी डॉक्टर केलं होतं?" ती म्हणाली.

"कोणी नाही."

"साधं म्हणायचं होतं न, बेटा, दाखवून ये. एवढंच तर म्हणायचं होतं." थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "मी असते तर मीही कदाचित जाईल म्हणाले असते. पण दाखवून ये, हेही म्हणाले असते."

मी विचारलं, तिच्या घरी जाऊन बोलू का, तिच्या बाबांशी. बायको म्हणाली, "तिनं घरी सांगितलं की नाही ते तुम्हाला माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. "मग जाऊ नका. तुमचं मन हलकं करायला तिच्या घरात नवं लफडं नको."

सदस्यांच्या यादीत तिचा फोन नंबर होता. मी तो दोनदा उघडला आणि बंद केला. कुणाचा नंबर असा काढून वापरायचा नाही, असा आमच्याकडे नियमही आहे. नियम आड आला, हे मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं ह्याची लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रार ऑफिसातून फॉर्म आला. प्रशिक्षणानं आपला ताण किती कमी झाला, एक ते पाच ह्यापैकी आकड्याला गोल करा. खाली दोन ओळी अभिप्रायासाठी. बाबूनं दारात उभं राहूनच भरून मागितला. मी चाराला गोल केला. अभिप्रायात लिहिलं, 'उपक्रम उपयुक्त होता.' दुसरं काय लिहिणार? मॅडमचा दोष नव्हता, कूलरचा नव्हता, विद्यापीठानंही काही वाईट हेतूनं केलं नव्हतं. आणि जे घडलं ते लिहायला त्या फॉर्मवर जागा नव्हती.

पुस्तक मी कपाटातून काढून शेल्फवर ठेवलं. नंतर कोणी मागितलं नाही.

तिच्या प्रॅक्टिकलबद्दल मला नर्सिंगच्या एका शिक्षिकेकडून कळलं, तेही आडून विचारलं म्हणून. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बीपी घ्यायला सांगितलं तेव्हा तिनं आधीच सांगून टाकलं होतं की मला कानाचा त्रास आहे, मला वेळ लागेल, मी दोनदा घेईन. परीक्षकांनी वेळ दिला. रीडिंग बरोबर आलं की नाही, ते शिक्षिकेला आठवत नव्हतं. पास झाली, एवढं नक्की.

जुलैत शेवटच्या वर्षाची मुलं नो-ड्यूजच्या सह्या घ्यायला येतात. ग्रंथालयाची सही माझी असते. मला माहीत होतं की तिला यावंच लागेल, आणि तोवर काय बोलायचं ते मी ठरवलं होतं. मोठं काही नाही. माझी चूक झाली, तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास, मला माफ कर. तिच्याशी मराठीतच बोलायचं, हेही ठरवलं होतं.

ती आली तेव्हा मागे पाच-सहा मुलींची रांग होती. तिनं फॉर्म पुढे सरकवला. मी कॉम्प्युटरवर तिचा नंबर टाकला. काही बाकी नव्हतं.

"कान कसा आहे?" मी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "रात्री पंखा लावते."

"मीही."

तिनं मान हलवली, जशी आपण ओळखीच्या माणसाला रस्त्यावर हलवतो तशी. मागची मुलगी म्हणाली, "दीदी, जल्दी करो न, दो बजे बंद हो जाएगा." मी पेन उचललं. दोन महिने पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. मी फॉर्मवर सही केली, शिक्का मारला, आणि कागद तिच्याकडे वळवून म्हणालो, "इथे तारीख घाल."

तिनं तारीख घातली आणि निघून गेली.